कागदावरची धाकटी

गेल्या वर्षी माझी बहीण सत्तर वर्षांची होती आणि मी बहात्तर. पण आधार कार्डावर मी अडुसष्ट. म्हणजे सरकारदरबारी ती थोरली, मी धाकटी.

हे केलं आमच्या अप्पांनी. बहीण गोरी, नाकीडोळी नीटस. माझ्याआधी तिलाच मागणी आली आणि अप्पांनी लग्न लावून दिलं. मी सव्विसाव्या वर्षापर्यंत घरातच. धाकटीचं आधी झालं म्हणजे थोरलीत काहीतरी खोट असणार, असं लोक बोलत. बंगळूरच्या पीण्या भागातल्या कारखान्यात टर्नर असलेलं स्थळ चालून आलं तेव्हा अप्पांनी माझं वय बावीस सांगितलं आणि बहिणीला थोरली करून टाकलं. पुढे नवऱ्यानं रेशन कार्डावर तेच लिहिलं, आणि तिथून ते सगळीकडे गेलं.

माझ्या सासूनं जन्मभर बहिणीला थोरलीचा मान दिला. हळदीकुंकू आधी तिला, ओटी आधी तिची. मी मागे उभी. वय कमी दिसतं याचा आनंद मानायचा, म्हणून मानायची.

गेल्या वर्षी मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, सर्जापूर रोडला तिच्याकडे चार दिवस राहायला गेले होते. मुलाचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर, तिला वेगळी खोली, वेगळी बाल्कनी. सकाळी ती म्हणाली, "अक्का, खाली क्लबहाऊसमध्ये सरकारी कार्ड काढून देतायत. सत्तरी झालेल्यांना दवाखान्याचा खर्च नाही. चल, तुझ्या गुडघ्याचं काम होऊन जाईल."

माझा उजवा गुडघा पार गेला होता. डॉक्टर ऑपरेशन सांगत होते आणि माझा मुलगा तारखा पुढे ढकलत होता. तिला मात्र मुलाच्या कंपनीचा विमा आधीपासून. मला वाटलं, जिला गरज नाही तिच्याच दारात सगळं कसं चालून येतं?

टेबलावर लॅपटॉप घेऊन एक मुलगी बसली होती. आधी बहिणीचा नंबर लागला. तिनं यंत्रावर अंगठा ठेवला; जुळेना. पुसून ठेवला, तरी जुळेना. खरं सांगते, मला बरं वाटलं. नुसतं बरं नाही, आतून गुदगुल्या झाल्या. मग त्या मुलीनं तिच्या डोळ्यांपुढे दुसरं यंत्र धरलं आणि म्हणाली, "सरी, ठीक आहे, झालं."

माझं आधार बघून ती मान वर न करता म्हणाली, "अज्जी, तुम्हाला अजून दोन वर्षं थांबायला लागेल." आणि बहिणीकडे वळून, "तुमची धाकटी बहीण का?"

बहिणीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हो, धाकटी."

वर आल्यावर मी चहाला हात लावला नाही. बहीण म्हणाली, "अक्का, आता तरी खरं वय लावून घे. तुझा शाळेचा दाखला माझ्याकडे आहे. लग्नाच्या वेळी अप्पांनी लपवायला दिला होता." तिनं कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढली. पिवळा पडलेला कागद, त्यावर माझी खरी जन्मतारीख. माझा दाखलासुद्धा हिच्या कपाटात!

मी म्हटलं, "कोणत्या तोंडानं? माणूस गेला बिचारा, शेवटपर्यंत मला चार वर्षांनी लहान समजून. आता पोरांना सांगू, तुमच्या बापाला फसवलं म्हणून?"

तिनं दाखला माझ्यासमोर ठेवला. मग म्हणाली, "भाऊजींना ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"तुझं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. मी तुझ्या घरी आले आणि सवयीनं तुला अक्का म्हणून हाक मारली. तू आत होतीस. तुझ्या सासूनं ऐकलं नाही, भाऊजींनी ऐकलं. बसस्टॉपपर्यंत पोचवायला आले तेव्हा विचारलं, थोरली नक्की कोण? मी रडायलाच लागले. ते म्हणाले, राहू दे, तिला कळू देऊ नका मला कळलंय ते. तिला वाईट वाटेल."

ऐकून माझे डोळे भरायला हवे होते. माझा मात्र जळफळाट झाला. एवढी वर्षं माझ्या नवऱ्याचं एक गुपित हिच्याजवळ होतं. पंक्तीत दोघं समोरासमोर जेवत होते, मी वाढत होते, आणि दोघांना ठाऊक. तिला फ्लॅट मिळाला, मान मिळाला, त्याचं काही नाही. पण त्याचं ते बोलणं माझं होतं, तेही तिलाच मिळालं.

मी त्याच संध्याकाळी पीण्याला परत आले. दाखला मात्र आणला. मुलाला सांगितलं; तो हसला आणि म्हणाला, "म्हणजे तुझी साठी आम्ही चार वर्षं उशिरा केली!" सुनेनं रजा काढून मला आधार केंद्रात नेलं. तारीख दुरुस्त झाली, मग कार्ड झालं, आणि दिवाळीच्या आत गुडघ्याचं ऑपरेशनही झालं. दवाखान्यात रोज दुपारी बहीण यायची, सर्जापूर रोडहून दोन तास ट्रॅफिकमध्ये बसून. माझे केस विंचरायची.

एकदा मी तिला विचारलं, "बसस्टॉपवर ते आणखी काय बोलले?"

"काही नाही गं अक्का. बस आली."

मी आणखी दोनदा विचारलं. तिचं उत्तर तेच. माझा अजून विश्वास बसलेला नाही.