चेहरा न काढणारे पेंटरचाचा

पेंटरचाचा माणसं काढत, पण चेहरा कधी काढत नसत. मानेच्या वर कुणाला किटली, कुणाला कंदील, कुणाला उलटी होडी. "डोळे दिले की जीवही द्यावा लागतो. ते वरच्याचं काम," म्हणत.

ते रत्नागिरीकडचे. सौदीत जुबैलला आमच्या कंपनीत टाक्यांवरचे नंबर आणि धोक्याच्या पाट्या रंगवत. कामगारांचा कॅम्प माझ्या हाताखाली होता. उरल्यासुरल्या रंगात चाचांनी आपल्या खोलीच्या भिंतींवर गाव उभं केलं होतं. खाडी आभाळात, नारळी मुळं वर करून. किटलीवाला त्यांचा भाऊ, कंदीलवाले वडील. दाराजवळ, डोक्याच्या जागी विळी असलेली बाई म्हणजे त्यांची बायको. ती शेवटच्या आजारात असताना चाचांचा रजेचा अर्ज माझ्या टेबलावर तीन दिवस पडून राहिला. ते पोहोचले तेव्हा दफन झालं होतं.

"तिचा फोटो आहे ना तुमच्याकडे?" मी एकदा विचारलं.

"फोटोत ती गप्प असते, साहेब. विळीचा आवाज येतो."

शुक्रवारी नमाजनंतर लोक खोली पाहायला येत. तिला सगळे म्युझियमच म्हणत. चपला बाहेर काढायच्या. तिकीट म्हणून गावची एक बातमी सांगायची. "शिळी चालणार नाही हां," चाचा दटावत.

एका शुक्रवारी भिंतीच्या कोपऱ्यात नवा माणूस दिसला. टाय लावलेला, मानेच्या वर रबरी शिक्का. "हे कोण?" मी विचारलं. खोली हसली.

"रागावू नका, साहेब. तुमच्या शिक्क्याशिवाय आम्ही घरी जातो का?"

मीही हसलो.

पुढे चाचा दोन महिन्यांच्या सुट्टीवर गेले, तेव्हा मी खोली पांढरी करून घेतली. परतल्यावर त्यांनी दाराजवळच्या भिंतीवर तळवा फिरवला.

"किती हात दिले?"

"दोन."

"बरोबर. एकात ती झाकली नसती."

"वरून आदेश होता, चाचा."

"मग तुम्ही तरी काय करणार?" असं म्हणून त्यांनीच मला चहा करून दिला. त्यानंतर पाट्यांखेरीज त्यांनी काही रंगवलं नाही. शुक्रवारचे लोकही हळूहळू यायचे थांबले. काही वर्षांनी चाचा कायमचे गावी गेले आणि तिथेच वारले.

गेल्या हिवाळ्यात दम्मामला मुलाकडे होतो. त्याने मला एका संग्रहालयात नेलं. सगळी चित्रं एकाच चित्रकाराची, स्वप्नात दिसावीत तशी. एका बाईच्या खांद्यांवर डोक्याऐवजी घर होतं.

"बाबा, असलं काही पाहिलं होतं कधी?"

"नाही," मी म्हणालो.

पाहिलं होतं. आणि वरून आदेश कधीच आला नव्हता. लोक हसले ते कशाला, हे मला कळलं होतं. रंग मीच मागवला. पहिल्या हातानंतर दाराजवळ विळी पुसट दिसत होती. रंगारी थांबून माझ्याकडे पाहत राहिले. मी म्हणालो, "अजून एक हात मारा."