कंसाला नकार देणारे अण्णा

वेंकटराव काळे, म्हणजे आमचे अण्णा, यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी संपादकांनी माझ्याकडे ‘चार गोड आठवणी’ मागितल्या. गोड लिहिण्याच्या मनःस्थितीत मी नाही.

अण्णांची पहिली भेट बंगळुरात, मल्लेश्वरमच्या ऑफिसात झाली. कारखान्यातली यंत्रे चालवण्यासाठी ते एक प्रोग्रॅमिंग भाषा घडवत होते आणि मी पुण्याहून नुकताच त्यांच्या हाताखाली रुजू झालो होतो. तेलाचा दाब, तापमान आणि दार बंद आहे की नाही, ही माहिती यंत्राकडून एकत्र बांधून येते. आमच्या धंद्यात त्या जुडीला टपल म्हणतात. त्यातली एकच गोष्ट हवी असेल तर ती कशी मागायची, एवढाच प्रश्न होता. मी म्हणालो, नावापुढे चौकोनी कंस आणि कंसात क्रमांक. सगळे तेच करतात. अण्णांनी वाद घातला नाही. त्यांनी मला बसने बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात नेले आणि पत्रे दाबणाऱ्या प्रेसवर काम करणाऱ्या मंजुनाथ यांच्याशेजारी दिवसभर उभे केले. परतताना म्हणाले, “कंसात कुणी हिशेबातून आलेला आकडाही घालतो रे. तो चुकला तर प्रेस चालू झाल्यावर कळतं. कंसाऐवजी टिंब देऊन आकडा हातानं लिहायला लाव, म्हणजे भाषाच चूक आधी धरते. लिहिणाऱ्याला स्वल्प त्रास होऊ दे.”

तरीही मतदान झाले तेव्हा भाषेचे नियम ठरवणाऱ्या समितीतल्या, अण्णा सोडून, आम्ही पाचही जणांनी कंसाला मत दिले. मला अण्णांचे म्हणणे पटले होते, पण ‘म्हाताऱ्याचा माणूस’ म्हणवून घ्यायची लाज वाटली. अण्णा कानडीत नुसते “सरी”, म्हणजे ठीक आहे, म्हणाले आणि कंसाचे नियम त्यांनी स्वतः बसून, आमच्यापेक्षा नीट लिहून दिले.

पुढे त्याच प्रेसवर हिशेबातून आलेला क्रमांक एका घराने चुकला. दाराऐवजी तापमानाचा आकडा वाचून यंत्राने ‘दार बंद’ असे धरले आणि दार उघडे असताना प्रेस खाली आली. मंजुनाथ यांची दोन बोटे गेली. चौकशीच्या अहवालात अण्णांनी आमच्यापैकी एकाचेही नाव घातले नाही. “समितीचा प्रमुख मी, जबाबदारी माझी,” एवढेच त्यांनी लिहिले. माझी नोकरी त्यामुळे वाचली. अण्णा अजूनही मंजुनाथ यांच्या घरी जातात. एकदा मीही बरोबर गेलो होतो, मान वर करता आली नाही. संपादकमंडळ याला अण्णांचा मोठेपणा म्हणते. मला त्या मोठेपणाचा संताप येतो, कारण त्याच्या आडोशाला आम्ही पाच जण खुशाल बसलो आहोत.

भाषेत आजही कंसच आहेत. टिंबाचा प्रस्ताव मी तीनदा मांडला. आता बदल केला तर जुने प्रोग्रॅम मोडतील, असे दर वेळी मला ऐकवण्यात आले. मोडू देत. समारंभात अण्णांना शाल घालणार आहेत ते समितीतले बाकीचे चौघेच. त्यांनी शालीला हात लावण्याआधी प्रस्तावावर सह्या कराव्यात. माझी झालेली आहे.

अण्णांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. आणि त्यातला निदान एक दिवस त्यांनी आमच्यावर चिडण्यात घालवावा.