खंडेनवमीचं स्टूल

आयुष्यात मी एकाच माणसाचं हाड मोडलंय, आणि मोडलं ते बरंच केलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. तळोज्याच्या पट्ट्यात आमचा ट्रान्सफॉर्मरचा कारखाना होता. तयार मालाला हजारो व्होल्ट देऊन तो टिकतो का, हे तपासायचं काम नावड्याचे एक दादा करायचे. मी त्यांचा टेस्टर, म्हणजे ते व्होल्ट देणारं मशीन, सिरिअल पोर्टच्या वायरने कॉम्प्युटरला जोडला. आता कॉम्प्युटरच टेस्टरला 'ऑन' सांगायचा, रीडिंग घ्यायचा, मग 'ऑफ' सांगायचा. पडद्यावर ऑफ दिसलं की दादांनी माल उचलायचा. पण टेस्टरकडून 'झालो बंद' असं उत्तर आल्याशिवाय पडद्यावर ऑफ येऊच नये, असा प्रोग्रॅम मी लिहिला होता. मॅनेजरला ते खुपायचं. म्हणे, दर नगामागे वेळ खातं. मी साफ नाही म्हटलं.

खंडेनवमीला मी गावी होतो. तेवढ्यात मॅनेजरने दुसऱ्याच कुणाकडून तरी ती उत्तराची अट काढून टाकली. मला पत्ता नाही.

पूजेची तयारी दादांच्या धाकट्या भावाने केली, तो आमच्याच पॅकिंगला होता. वायरी काढून टेस्टर पुसला, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. पूजेची माळ सुकेपर्यंत काढायची नाही, ही आमच्याकडची रीत. म्हणून त्याने वायर माळेवरूनच परत खुपसली. स्क्रू बसेनात, तर तसेच सोडले.

दसरा झाल्यावर मी कामावर आलो तेव्हा दादांची टेस्ट चालू होती. 'ऑन' गेलं आणि वायर निसटली. 'ऑफ' टेस्टरपर्यंत पोचलंच नाही, पण पडद्यावर दिसलं. दादांनी हात घातला.

ते ओरडलेसुद्धा नाहीत. दात आवळले गेले, डोळे फिरले आणि हात तारेला चिकटून राहिला. मेन स्विच त्यांच्या पाठीमागे. मी लाकडी स्टूल उचललं आणि जीव खाऊन त्यांच्या मनगटावर हाणलं. सुटेना. परत हाणलं. हाड कडकन मोडलं आणि दादा खाली कोसळले.

धाकटा दारातून आत आला तो नेमका हेच बघत. त्याने माझी कॉलर धरली आणि तोंडावर ठोसे घालायला सुरुवात केली. दात पडला, नाकातून रक्ताची धार लागली. मग मानेला धरून त्याने मला टेबलावर दाबायला घेतलं, त्याच चालू ट्रान्सफॉर्मरवर. टेस्टरचा लाल दिवा मला दिसत होता. तोंडात रक्त, बोलता येईना. मेलो, असंच वाटलं.

दादांनी जमिनीवरूनच, चांगल्या हाताने त्याचा पाय धरला.

"सोड त्याला. त्यानं मारला म्हनून हाय मी."

धाकट्याचा हात सैल पडला. मी कसाबसा जाऊन मेन पाडला.

एवढ्यात मॅनेजर आला. पडद्याकडे बोट करून म्हणाला, ऑफ दिसतंय ना, मग शॉक कसा लागेल? ती अट कुठे गेली ते मला तेव्हा कळलं. माझं डोकं फिरलं. तेच स्टूल उचललं आणि मॉनिटरच्या काचेत घातलं. दुसरा घाव त्याच्यासाठीच होता. धाकट्याने मला मागून मिठी मारून आवरलं, नाहीतर मी आज तुरुंगात असतो.

मला काढायची भाषा झाली. सगळे कामगार गेटवर बसले, म्हणून नोकरी टिकली. काढलं ते मॅनेजरला.

पुढच्या खंडेनवमीला दादा कामावर परत आले होते. मनगट वाकडंच राहिलं होतं. धाकट्याने माळा आणल्या, पण टेस्टरकडे जाईना, ताट घेऊन नुसता उभा राहिला. दादांनी त्याच्या हातातून ताट घेतलं, कोपऱ्यातलं ते एका पायाने लुळं झालेलं स्टूल ओढलं आणि त्या वाकड्या हाताने आधी स्टुलाला कुंकू लावलं.

मला रडू आवरेना. धाकटा तर माझ्याआधीच रडत होता.