अक्काला फाटकाबाहेर ठेवलं तेव्हा

चिडली की अक्का हातातला ग्लव्ह काढून जमिनीवर आपटायची आणि विचारायची, "बोलू की नको?" उत्तराची वाट ती कधीच पाहत नसे. घरात मराठी, मैदानावर तमिळ आणि राग आला की दोन्ही एकदम.

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत आमची घरं शेजारी. मुलींच्या शाळेत मी गणित शिकवायची, ती सॉफ्टबॉल. तरुणपणी ती राज्याच्या संघाची पिचर होती. हात खालून असा फिरवायची की चेंडू कधी सुटला ते कळायचंच नाही. तिला पाहायला आलेल्या मंडळींनी "लग्नानंतर खेळ सोडणार ना?" म्हणून विचारलं, तेव्हा तिने त्यांच्यासमोरची कॉफी उचलून आत नेली म्हणे. मी विचारलं तर म्हणाली, "अर्धीच नेली ग. अर्धी ते प्यायले होते."

तिच्या संघातल्या मुली बहुतेक कावेरीकाठच्या खेड्यांतल्या. बस चुकली की ती त्यांना मोपेडवर घरी सोडायची आणि वाटभर ओरडायची, "तू चेंडूला घाबरतेस? त्याने तुला घाबरायला पाहिजे!"

तिरुवैयारूजवळची सेल्वी तिची कॅचर. होम प्लेटमागे, म्हणजे फटका मारणारीच्या पाठीशी, ती बसली की चेंडू मागे जायचा नाही. राज्य संघात ती जाणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. नावं वाचली गेली, तेव्हा तिच्या जागी सॉफ्टबॉल संघटनेच्या एका पदाधिकाऱ्याची पुतणी निघाली. तिला साधा चेंडू धड झेलता येत नव्हता. सेल्वी रडली नाही. मास्क हातात धरून नुसती उभी राहिली. तुम्ही ते पाहिलं असतं, तर तुमचंही डोकं भडकलं असतं.

त्यानंतरच्या संघटनेच्या बक्षीस समारंभात अक्का थेट मंचावर चढली. कुणीतरी माईक बंद केला. तिला तो लागतच नव्हता.

"मी चेंडू टाकते. या मुलीने झेलला, तर सगळ्यांसमोर माफी मागते!"

पुतणीने मान खाली घातली. तिच्याकडे पाहून अक्काचा आवाज एकदम उतरला. काकाकडे वळून ती म्हणाली, "या पोरीचीसुद्धा लाज घालवलीत तुम्ही."

पुढच्याच आठवड्यात मैदानाचं फाटक तिला बंद झालं. कारण काय, तर बेशिस्त! शाळेनेही हात वर केले. मग सेल्वीच्या वडिलांच्या कापणी झालेल्या भातशेतात ती शिकवू लागली. ढेकळांवर चेंडू वाटेल तसा उसळायचा, मुलींची नडगी फुटायची, अक्का ओरडायची आणि मग स्वतःच हळद लावायची. सेल्वीला राज्य संघ कधीच मिळाला नाही. हे मी गोड करून सांगणार नाही.

गेल्या वर्षी अक्का गेली. शोकसभा कुठे ठेवली? त्याच मैदानावर. बॅनरवर तिच्या फोटोशेजारी क्रिकेटची बॅट छापलेली. तोच पदाधिकारी डोळे पुसत म्हणाला, "त्या मला थोरल्या बहिणीसारख्या होत्या."

सेल्वी उठली. आता ती स्वतः मुलींना खेळ शिकवते.

"सर, या फाटकातून अक्काला आत येऊ नका म्हणून कोणी सांगितलं? ते आधी बोला."

तो पाण्याचा ग्लास शोधू लागला. "बसा अम्मा, बसा," कोणीतरी म्हणालं. ती बसली नाही. मागच्या रांगेतल्या सेल्वीच्या संघातल्या जुन्या मैत्रिणी एकेक करत उभ्या राहिल्या. मीही राहिले. ऊन चढत गेलं, हार ताटातच सुकले, आणि आम्ही त्याच्याकडे पाहत उभ्या होतो.