रंग उडालेली जागा

कारखान्यातल्या लेथ मशीनच्या अंगावर एके ठिकाणी तळहाताएवढा रंग उडालेला आहे. दत्तूमामा रोज सकाळी मशीन सुरू करतात, तिथे हात टेकवतात आणि क्षणभर डोळे मिटतात. महिनाअखेरीस ते निवृत्त होणार. त्यानंतर या मशीनचं दुखणंखुपणं कोण ओळखणार, म्हणून त्यावर थरथर मोजणारा सेन्सर बसवायला मला पाठवलं होतं.

मी तो वरच्या गुळगुळीत पत्र्यावर चिकटवला. शेजारच्या छोट्या संगणकाने आकडे गोळा करून क्लाउडवर धाडले आणि माझा मोबाइल धोक्याच्या सूचनांनी वाजू लागला. मशीन मात्र ठणठणीत होतं.

“इंजिनिअरसाहेब,” मामा हसले, “नाडी बघायला सदऱ्यावर हात ठेवता होय? तो नुसता पत्रा हलतोय. इथं लावा.” त्यांनी रंग उडालेली जागा दाखवली.

सेन्सर तिथे लावला आणि आलेख शांत झाला. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. थरथर मोजायला मला कॉलेजने शिकवलं, त्याबद्दल मी कायम ऋणी आहे. ती नेमकी कुठे मोजायची, ते मात्र त्या दिवशी कळलं. आता मामा घरी असतील तेव्हाही त्यांनी दाखवलेल्या जागेवरूनच मशीनची खबर दूरवर जात राहील.

दुसऱ्या सकाळी सवयीने त्यांचा हात तिकडे गेला आणि थबकला.

“घेतलीस की रे माझी जागा,” ते सेन्सरला म्हणाले.

मग सेन्सरशेजारी, थोडा सरकवून, त्यांनी तळहात टेकवला आणि डोळे मिटले.