माफ केलेले रोजे

आई आजारी पडली तेव्हा बाबा आगबोटीवर खलाशी होते, आणि घरात पुरुष माणूस म्हणून दुसरं कोणी नव्हतं. मी, आई आणि बाबांची बहीण, म्हणजे माझी फुफू. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी क्षय सांगितला. त्यावरच्या औषधाच्या सुया तेव्हा नव्यानेच मिळू लागल्या होत्या, तशी एक सुई रोज टोचायची, आणि जोडीला दूध, अंडी, मासळी. डॉक्टरांनी फुफूला बजावलं, "औषध अर्धं काम करील, अर्धं खाण्याने होईल. उपाशी ठेवू नका."

पुढे रमजान आला. फुफूने शेजारच्या काकांना मशिदीत पाठवून मौलवींना विचारून घेतलं. निरोप आला: आजाऱ्याला माफ आहे, बरी झाल्यावर राहिलेले रोजे ठेवावेत. आई महिनाभर जेवली, पण चोरासारखी, भिंतीकडे तोंड करून. मोहल्ल्यातल्या बायका तोंडभर बोलायच्या, "खा गो, अल्ला बघतो हाय." आईला नेमकी त्याचीच लाज.

ईदेनंतर ताप उतरला. गालांवर थोडा रंग आला. आम्ही खूश. फुफू भाकरी आणि उकडलेलं अंडं द्यायची, आई बशी घेऊन मागल्या पडवीत जायची आणि रिकामी बशी आणून ठेवायची. आमच्या कोंबड्या त्या दिवसांत अशा फुगल्या की फुफू म्हणाली, "ह्यांना कसली नजर लागत नाय ती!" आईची भाकरी खाऊन त्या अंडी घालत होत्या आणि ती अंडीही आई कुठेतरी वाटून टाकत होती. ताप नाही म्हणजे आपण बऱ्या झालो, असा निवाडा तिने एकटीने करून टाकला होता.

एका दुपारी ती विहिरीपाशी कोसळली. ओठांच्या कडेला रक्त. फुफू तांब्या घेऊन धावली. आईने दात गच्च मिटले. पाणी गळ्यावरून ओघळलं. तिने हात कसाबसा उचलून माडांच्या शेंड्यांकडे दाखवलं. तिथे अजून ऊन होतं.

तेव्हा आम्हाला कळलं, ती राहिलेले रोजे ठेवत होती. फुफू तिच्या अंगावर ओरडली, रडली, पाया पडली. आई सूर्य बुडून मगरिबची अजान होईपर्यंत तशीच पडून राहिली आणि मग घोटभर पाणी प्याली. डॉक्टर आले, त्यांनी माझ्याकडे बघायचंही टाळलं. त्याच आठवड्यात ती गेली.

मला देवाचा राग आला नाही. आईचाच आला, आणि तो अजून आहे. मला टाकून जाण्याइतकी तिला कसली घाई होती?

बाबा आले तेव्हा कबरीवर गवत उगवलं होतं. ते मला हाताला धरून मौलवींकडे गेले. म्हणाले, "तिचे राहिलेले रोजे मी ठेवतो. चालतील ना?"

मौलवी म्हातारे होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "तिच्यावर काही राहिलंच नव्हतं," ते म्हणाले. "जो आजार उठूच देत नाही, त्यात गेलेल्याला जाब नाही. डॉक्टर नको म्हणतोय तोवर ती आजारीच होती. मला विचारलं असतं तर मी हात जोडून सांगितलं असतं, जेव म्हणून."

"मग विचारलं का नाय कोणी?" बाबांनी विचारलं.

"बाईमाणूस कसं येणार? शेजारी एकदा येऊन गेला, पण दर खेपेला घरातल्या पुरुषानेच यायचं असतं."

दुसऱ्या दिवसापासून बाबांनी रोजे धरले. आईचे किती झाले होते हे कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून पहिल्यापासून पुरा महिना. फुफूने समजावलं, मौलवींनी पुन्हा निरोप धाडला की गरज नाही. मी तर भांडलेच, "ती मेली उपाशी, आता तुमी पण मरा!"

त्यांनी मला जवळ घेतलं. "मी घरात असतो," ते म्हणाले, "तर विचारून आलो असतो गो. मशीद काय लांब हाय?"