ऑक्सिजनचे दोन सुटे इलेक्ट्रॉन

सुचित्राबाई मूळच्या दिवेआगरच्या, नारळी-पोफळीच्या वाडीवाल्या घरातल्या. बावीस वर्षं त्या माणगावात अकरावीला रसायनशास्त्र शिकवतात. रासायनिक बंधाचा धडा त्या ठिपक्यांवर उरकत: दोन अणू, मध्ये इलेक्ट्रॉनांच्या जोड्या, आठाचा नियम पुरा. शेवटचा, रेणूच्या कक्षकांचा, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या जागांचा भाग आला की म्हणत, "यावर पेन्सिलीने फुली मारा. परीक्षेला दोन मार्कांचं येतं." मुलं आनंदाने फुली मारत.

यंदा प्राप्तीने मारली नाही. मिठागरवाल्यांची मुलगी, शिकायला मामाकडे राहिलेली. तिने विचारलं, "मॅडम, ऑक्सिजन चुंबकाकडे ओढला जातो असं यात दिलंय. सगळ्यांच्या जोड्या जमल्या तर कसा ओढेल?"

"मग नाकाला चुंबक बांधून झोप. दम लागायचा नाही."

वर्ग खदखदा हसला. मधल्या सुट्टीपर्यंत पोरीचं नाव 'चुंबक' पडलं होतं.

स्टाफरूममध्ये बाईंनी पुस्तक उघडलं ते तिचं म्हणणं खोडून काढायला. त्यांचीही त्या पानांवर फुली होती. इलेक्ट्रॉन दोन अणूंच्या मध्ये बसून राहत नाहीत, सगळ्या रेणूभर पसरतात. त्यांचे कक्षक खालून वर भरत जायचे. ऑक्सिजनच्या रेणूतल्या सोळा इलेक्ट्रॉनांपैकी शेवटच्या दोघांना सारख्याच ऊर्जेच्या दोन जागा मिळतात आणि ते वेगवेगळे बसतात. जोडीतले दोघं एकमेकांचं चुंबकत्व पुसून टाकतात; इथे जोडी नाही, म्हणून चुंबकाची ओढ. मोबाइलवर चित्रफीत सापडली: चुंबकाच्या दोन टोकांमध्ये निळसर द्रव ऑक्सिजन लोंबत होता. बाईंचे कान तापले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो भाग शिकवला. चांगला शिकवला. प्राप्तीचं नाव मात्र काढलं नाही.

मागच्या बाकावरून हितेश म्हणाला, "म्हणजे मॅडम, चुंबक काल बरोबर बोलत होती?"

कोणी हसलं नाही. सगळे बाईंकडे बघत होते.

"तिचं नाव प्राप्ती आहे," बाई म्हणाल्या. "हो, बरोबर होती. हा भाग मी आजवर कधी वाचलाच नव्हता. आणि तिलाच हसले."

त्यांनी खडू पुढे केला. "ये प्राप्ती. नायट्रोजनचे चौदा इलेक्ट्रॉन तू भरून दाखव."

प्राप्ती जागची उठली नाही. "नको मॅडम. तुम्हीच करा."

बाई फळ्याकडे वळल्या आणि सगळ्यांत खालच्या कक्षकापासून मोठ्याने मोजू लागल्या.